पाय कुणाचे?

६ डिसेंबर

हरलो. फुटबॉलचा सराव सामनाच होता, पण हरलो ते हरलोच. आणि कुणाकडून, तर त्याच जांभळ्या जर्सीवाल्यांकडून!

खेळ वाईट नाही आमचा. पोरी पळतात, पासही बरे देतात. पण त्यांची ती उंच फॉरवर्ड – आमच्या पोरी तिला जिराफ म्हणतात – चेंडू घेऊन निघाली की सगळ्या बघत उभ्या राहतात. जशी काही वरात चाललीय! एकटी पट्टी सोडून.

पट्टीचं पूर्ण नाव चिकटपट्टी. टीमनेच ठेवलेलं. बचावाला खेळते आणि जिला धरायला सांगावं तिला शेवटच्या शिट्टीपर्यंत सोडत नाही. आज ती जिराफ वैतागून म्हणाली, "अगं बाई, पाणी तरी पिऊ दे!" पट्टी म्हणाली, "पी की. मी उभी आहे इथेच."

दोन आठवड्यांनी फायनल, तिथे पुन्हा हेच ध्यान समोर येणार. काहीतरी केलं पाहिजे.

९ डिसेंबर

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं. ऑफिसातलं काचेचं कपाट दाखवलं. आत बुद्धिबळाची एक ढाल, तीही मागच्या सरांच्या काळातली. म्हणाल्या, "सर, पोरींशी जरा बोला ना सामन्याआधी. तुम्ही बोलता छान."

बोलतो खरा छान. उगाच नम्रपणा कशाला? इथे कोण वाचतंय!

११ डिसेंबर

आज सरावात गंमत झाली. रडूबाई – आमची उजव्या बाजूची, पळते वाऱ्यासारखी पण रोज काही ना काही दुखतं तिचं – येऊन म्हणाली, "सर, माझे पाय दुखताहेत, बसू?" मी म्हटलं, "तुझे पाय? तुझे कुठले? पाय टीमचे आहेत!" सगळ्या खो खो हसल्या. पट्टी तर पोट धरून. मग कवायतीला पळताना यांचं आपलं सुरू – एक ओरडणार "पाय कुणाचे?" आणि बाकीच्या "टीमचे!" रडूबाईसुद्धा ओरडत होती. बसायचं विसरली.

सापडलं! भाषणाचा शेवट सापडला.

१४ डिसेंबर

दाढी करताना आरशासमोर सगळं म्हणून पाहिलं. बाहेरून बायको – "अहो, आत दुसरं कोण आहे?" म्हटलं, टीम आहे. म्हणाली, "तुमचं भाषण म्हणजे कुकर. शिट्ट्या पुऱ्या झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही."

हसू दे. मधे कुणी तोंड घातलं की माझा धागा सुटतो, हे मात्र खरं. मग पुढचं काही केल्या आठवत नाही.

१६ डिसेंबर

पट्टीला क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं! जानेवारीच्या शेवटी. तिथे राहायचं, शिकायचं, रोज खरे कोच शिकवणार. (मी खोटा नाही, पण कवायत, खो-खो, बँडपथक सगळं एकट्यानेच बघतो.) आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नाही.

तिची आई संध्याकाळी मैदानावर आली. घरी शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच लटकत होता. म्हणाली, "सर, तिला दुसरं काही सुचतच नाही. झोपेतसुद्धा लाथा मारते. निभेल ना तिचं तिथे?" मी म्हटलं, "निर्धास्त राहा. मी आहे ना."

१८ डिसेंबर

शेवटचा सराव. पट्टी आज ढिली. दोनदा जिराफच्या जागी उभी केलेली पोरगी तिच्या शेजारून सरळ निघून गेली. ओरडलो. "हवा गेली का डोक्यात, निवड चाचणीची?" ती वाकून मोजा वर ओढत राहिली. लागेल तेव्हा खेळेल, मला माहीत आहे.

भाषण पाठ. अगदी चोख.

२० डिसेंबर

जिंकलो! जिंकलो! एक-शून्य!

आधी पहिल्यापासून लिहितो, नाहीतर सगळं एकदम तोंडात येतंय.

खेळाडूंची खोली म्हणजे एक बाक, दोन पत्र्याची कपाटं, एक गळका नळ आणि ओल्या मोज्यांचा वास. पोरींचे चेहरे पांढरेफटक. गोलकीपर – तिला भिंत म्हणतात – नखं खात होती. मी मनात पहिलं वाक्य जुळवलं, घसा खाकरला, तेवढ्यात पट्टी पुढे. "सर, एक सांगायचं होतं." म्हटलं, "नंतर!" हातानेच बाजूला केलं तिला. दाराकडे पाठ केली आणि सुरू झालो.

म्हटलं, पोरींनो, पलीकडच्या खोलीत अकरा जणी बसल्यात. त्यांना वाटतंय, ह्या काय, ह्या तर हरतातच. वाटू दे! मला राग नाही त्यांचा, कारण आपल्यालाही तसंच वाटतंय. मग बदलायचं कुणी? आज दमायचं नाही, उद्या दमा. आज रडायचं नाही, उद्या पोटभर रडा, मी रुमाल देतो. आणि दुखलंच काही, तर त्याला सांगा – आज नको, उद्या ये. मग थांबलो. अगदी हळू विचारलं – पाय कुणाचे?

आधी दोघी-तिघीच. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पत्र्याची कपाटं हादरली! भिंत दोन्ही हातांनी बाक बडवत होती. रडूबाई रडत होती आणि रडत रडत ओरडत होती, "टीमचे! टीमचे!" माझ्या अंगावर काटा आला. माझेच शब्द, आणि मलाच काटा! मी थांबलोच नाही, तसाच ताड ताड मैदानावर गेलो, पोरी माझ्या मागे.

आणि काय खेळल्या! ह्याच का त्या? जिराफ निघाली की आता तीन-तीन जणी अंगावर. मध्यंतरानंतर रडूबाईने गोल केला – रडूबाईने! – आणि स्वतःच बघत राहिली, की हे कुणी केलं. शेवटी शेवटी जिराफ एकटी सुटली. समोर फक्त भिंत. संपलं म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर पट्टी! कुठून आली देव जाणे, आडवी घसरत जाऊन चेंडू बाहेर काढला. पडली, उठली, लंगडत पुन्हा जिराफला जाऊन चिकटली.

शिट्टी वाजली आणि पोरींनी मला उचललं. पन्नाशीच्या माणसाला! वरून सगळं मैदान दिसलं, नाचणाऱ्या बाई दिसल्या. पट्टी गोलच्या खांबाला टेकून बसलेली दिसली. हात हलवला मी. तिनेही हलवला.

गुडघा मुरगळलाय तिचा. बर्फ लावला. होईल बरा.

२३ डिसेंबर

बरा होणारा नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे मीही गेलो होतो. लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन. डॉक्टर मला म्हणाले, "हे आधीपासून दुखावलेलं होतं. थोडं फाटलेलं असणार. विश्रांती मिळाली असती तर आपोआप भरून आलं असतं. त्या गुडघ्यावर ही खेळलीच कशी?"

मला माहीत आहे कशी खेळली.

वर्षभर मैदान नाही. तिच्या आईने विचारलं, "आणि पुढे?" डॉक्टर म्हणाले, "नंतरचं नंतर बघू." आई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे.

२४ डिसेंबर

"दुखलंच काही, तर त्याला सांगा – आज नको, उद्या ये."

आलं.

२८ डिसेंबर

ऑपरेशन नीट झालं म्हणे. मी गेलो नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो, संत्री घेतली, पुन्हा घरी आलो. बायकोने पिशवी पाहिली. संत्री सोलून माझ्यापुढे ठेवली. तशीच ठेवली मी.

२ जानेवारी

राखीव पोरींपैकी एकीने माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. गावभर फिरतोय! दूधवाला म्हणतो, सर, ऐकून मलाच पळावंसं वाटलं. माझा साडू, ज्याने उभ्या जन्मात माझं कौतुक केलं नाही, त्याने फोन केला. "काय बोललास रे!"

आज पहिल्यांदा पाहिला. आवाज बंद करून. पोरींचे चेहरे एकेक करून पाहिले. पट्टी दिसेना. भिंतीच्या मागे असणार, भिंतीमागे कोण दिसणार! बरं झालं. तिचा चेहरा बघवला नसता. मी "दुखलंच काही" म्हणालो तेव्हा तिला काय वाटलं असेल? गुडघा ठणकतोय, आणि समोर हा गाढव हात उंचावून विचारतोय, पाय कुणाचे!

पाय तिचा होता.

८ जानेवारी

बक्षीस समारंभ. चषक कपाटात जायच्या आधी सभागृहात. बाई माइकवर म्हणाल्या, "आता सर आपल्याला तेच भाषण ऐकवतील!" मी आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. बाईंना 'नाही' ऐकूच येत नाही.

उभा राहिलो. पहिल्याच रांगेत पट्टी. कुबड्या मांडीवर आडव्या, पाय सरळ पुढे, प्लास्टिकच्या पट्ट्यांत आवळलेला. माझ्याकडे बघून हसली. तिने हसायला नको होतं!

तोंड उघडलं. एक ओळ आठवली तर शपथ. आणि मागून पाचवीतल्या कुठल्यातरी पोराने ओरडून विचारलं, "पाय कुणाचे?" अख्खं सभागृह – "टीमचे!" पुन्हा. पुन्हा. टाळ्यांच्या तालावर. बाईसुद्धा. पट्टी मांडीवरच्या कुबड्या सांभाळत होती, टाळ्या वाजवताना घसरत होत्या त्या.

मी खाली उतरलो. लोकांना वाटलं, सर गहिवरले. आणखी टाळ्या!

९ जानेवारी

राजीनामा द्यावा का? बँडपथक ठेवतो, टीम सोडतो. माझ्या जिभेला हाड नाही. त्या शब्दांनी पोरीने पाय दिला, आयुष्य दिलं. ती चाचणी आता तिच्याविना होणार. बोललोच नसतो तर? हरलो असतो. हरलो असतो तर काय झालं असतं? कपाटात बुद्धिबळाची ढाल होतीच की.

बायकोसमोर हे सगळं बोललो. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला त्या पोरीचं वाईट वाटतंय, की भाषणाचं?"

भडकलो. "हे काय विचारणं झालं?"

"नाही, सारखं माझं भाषण, माझे शब्द, माझी जीभ. तिला एकदा तरी विचारलंत का, की बाई, काय झालं होतं?"

नाही विचारलं.

१० जानेवारी

रागाने जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं.

ती बरोबर आहे. उद्या जातो. पाया पडावं लागलं तर पोरीच्या पाया पडतो.

११ जानेवारी

गेलो. आई मशीनवर होती, तिने मशीन थांबवलं नाही. पट्टीचा पाय स्टुलावर. म्हटलं, "पोरी, मला माफ कर. माझ्या त्या भाषणामुळे तू –"

"कुठलं भाषण, सर? मी नव्हतेच आत. गुडघा दोन दिवस दुखतोय, मला आज बसवा, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही 'नंतर' म्हणालात ना, मग मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. म्हटलं, सरांचं संपलं की सांगू. पण तुम्ही सरळ मैदानावरच गेलात."

मशीन थांबलं होतं.

पट्टी म्हणाली, "छान होतं का हो, सर? सगळ्या म्हणतात."