चेतापेशी ठणठणीत

६ नोव्हेंबर १९९५, वरसे
खोली मिळाली, चहा मिळाला, नोकरी तर आधीच मिळाली होती! रोह्याच्या कंपनीत उंदरांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. के-१९ हे नवं कीटकनाशक मेंदूला बाधतं का, एवढंच सांगायचं. पिंजरे धुणाऱ्या काशीबाईंनी पहिल्याच दिवशी पोह्याचे पापड दिले. त्यांचे यजमान काळुराम के-१९च्याच प्लांटवर आहेत.

१५ नोव्हेंबर
चेतापेशी ठणठणीत. तरी उंदीर कालची वाट आज विसरतात. म्हणून चेतापेशींच्या मधल्या जागेतल्या तारकापेशी रंगवून पाहिल्या, तर सगळ्या सुजलेल्या, फुटलेल्या! पुस्तकं यांना नुसता भराव म्हणायची. आता दिसू लागलंय की चेतापेशींना या तारकापेशीच चेतवतात, आवरतात, आठवण पक्की करायला हातभार लावतात. प्रयोगशाळेचे प्रमुख हैबतराव साहेब, त्यांच्यापुढे तासभर घसा कोरडा केला. म्हणाले, भरावाचं काय एवढं? काशीबाई खाडीकाठच्या खारेपाटातल्या. त्या म्हणाल्या, "बांध पन मातीचा भरावच हाय ना गो बाय? तो फुटला का शेतात खारं पानी." यांना कळतं, साहेबांना कळत नाही. डोकं फिरतं नुसतं.

२३ नोव्हेंबर
अहवाल परत आला, 'तारकापेशी'वर लाल रेघ मारून. प्रयोगशाळेतला के-१९चा वास बाहेर ओढणारा पंखा अजून बंदच. आज तिसरा अर्ज दिला. शिपाई जनू म्हणतो, हा सातवा. काहीतरीच! त्याने सातही काढून दाखवले. अक्षर माझं.

१ डिसेंबर
काळुराम काल प्लांटवरून निघाले ते भलत्याच्याच ओटीवर जेवायला बसले. काशीबाई रडत होत्या. पेणच्या डॉक्टरांना मी सगळं लिहून देणार, मग साहेब काहीही म्हणोत. साहेब म्हणाले, अहवालावर तुमचीच तर सही आहे. 'चेतापेशी ठणठणीत. के-१९ निर्धोक.' सही माझीच. पण मी कधी —

४ डिसेंबर
काप सापडत नाहीत. जनू म्हणतो, मीच फेकायला सांगितले. ओरडले त्याच्यावर. मग तो का रडवेला झाला, तेच आठवेना —

डिसेंबर
काशीबाई दारात उभ्या. दुपारच्या एसटीने यजमानांना पेणला नेतायत. चिठ्ठी हवी. कुठल्या औषधाने झालं, ते नाव तरी हवंच, नाहीतर डॉक्टर काय करणार? नाव मागच्या पानावर आहे. वाचलं. पान उलटलं — गेलं. पुन्हा वाचलं. उलटलं — गेलं. शी! काय वैताग आहे!
काशीबाई म्हणाल्या, ते पानच फाडून दे ना गो बाय.
खरंच की. फाडते.
कुठलं पान — कशाला —