धबधब्यापाशी

आखन (जर्मनी), रविवार

ती. आईंना सा. न.,

मल्हारने फ्रान्सच्या ट्रिपचे फोटो तुम्हाला पाठवलेत. त्या खेड्यातलं जुनं चर्च, डोंगरावरचा पडका किल्ला, धबधबा. "छान फिरवतोय हो माझा मुलगा," असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी नुसतं "हो" म्हटलं.

किल्ल्याकडे जाताना माझ्याकडून वळण चुकलं. गाडी थांबल्यावर त्याने माझं डोकं काचेवर आपटलं. फोटोत मी डोक्याला बांधलेला स्कार्फ थंडीसाठी नाही. पुढे धबधब्यापाशी त्याने माझा गळा धरून मला कठड्यावरून मागे वाकवलं. पाण्याच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. हाताला एक सुटा दगड लागला. तो मी त्याच्या कपाळावर घातला. एकदा नाही, आई, तीनदा. दुसऱ्या घावाला त्याने मला सोडलं होतं, तरीही तिसरा घातला.

तुम्हाला तो म्हणाला, पाय घसरला. पोलिसांना मात्र मी काल सगळं सांगितलंय, तिसऱ्या घावासकट. आता मी बायकांच्या निवाऱ्यात राहते.

लग्नानंतर आठवड्याभरातच तुम्ही मला तुमचं वाकडं जुळलेलं मनगट दाखवलं होतंत. "ह्यांनी पिरगाळलं होतं. माझा मल्हार तसा नाही हो," म्हणाला होतात. त्या दिवशी तुम्हाला खरंच तसं वाटत होतं का? हे विचारायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुमची,
संपदा