कुंपणाआडचे सदतीस ओक

शेनिए ओदिल, लुइझियाना
गुरुवार, १२ सप्टेंबर १९७४

प्रिय ओव्हीद,

तू, लॉरेन आणि मुली खुशाल असाल. आम्ही दोघं बरे आहोत. रविवारचं वादळ पूर्वेला वळलं. इकडे नुसता वारा आला आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गेलं. अंजिराचा मुरंबा यंदा चांगला जमलाय, दोन बाटल्या पाठवतेय.

पत्र पोस्टात टाकलेलं नाही. फोनही केला नाही, कारण आपल्या सामायिक लाइनवर शेजारच्या सॉस्थेनची बायको अजून कान लावून बसते. हे पत्र आणणारी मिस पेनिक युनिव्हर्सिटीतली मुलगी आहे. तुझ्या गावावरूनच ती घरी जाणार आहे. तिला चांगली काळी कॉफी दे, टेक्सासचं पाणी नको.

ती जूनपासून आपलं रान मोजतेय. दोरीने जमिनीवर चौकोन आखते आणि आत काय काय उगवलंय ते लिहून घेते: ओक किती, हॅकबेरी किती, पामेटो, निवडुंग, वेली. पापा तिच्यामागे खुर्ची घेऊन फिरतात आणि तिला आपली फ्रेंच नावं शिकवतात. दातदुखीच्या झाडाची साल त्यांनी तिला चघळायला लावली. अर्धा तास तिची जीभ बधिर होती आणि पापा डोळे पुसत हसत होते. एक्क्याऐंशी वर्षांचे झालेत, पण खोड जात नाही.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली की इथे सगळे ओक म्हातारे आहेत, साठ वर्षांच्या आतला एकही नाही. ओकाची फळं पडतात, रोपं येतात आणि गुरं ती खाऊन टाकतात. ही खोडं पडली की मागे कोणी नाही, आणि मुळं गेली की समुद्राने रचलेला हा वाळू-शिंपल्यांचा उंचवटा दलदलीत विरघळायला वेळ लागणार नाही. त्रेसष्ट साली तू स्वयंपाकघरात उभा राहून हेच बोलला होतास. "हे रान नाही, हा वृद्धाश्रम आहे," म्हणाला होतास, आणि पापांनी तुला दार दाखवलं होतं.

काल सकाळी ती धावत आली. स्मशानाच्या मागे, जिथे मामाँची कबर आहे, त्याच्या पलीकडे तिला तारेचं कुंपण सापडलं. आत सदतीस कोवळे ओक आहेत. काही माझ्या डोक्याच्या वर गेलेत. तिने एकाचं खोड तपासलं आणि वय सांगितलं, दहा-अकरा वर्षं.

मी पापांना विचारलं. आधी ते बहिरे झाले. मग म्हणाले, "ओव्हीद गेला त्याच हिवाळ्यात घातलं. गुरं तिकडून हाकलायला मला रोज जावं लागे." मी म्हटलं, मग त्याला कळवलं का नाही? "कळवून काय करू? फार शहाणा होईल. आला की दिसेलच त्याला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण यायला हवा होता."

ओव्हीद, इथपर्यंत लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले. आता लिहिते.

जुलैत मी रान विकलं. म्हणजे त्याखालची वाळू, रस्त्याच्या कंत्राटदाराला. रान मामाँचं, म्हणून आता तुझं आणि माझं, तेव्हा दोन सह्या लागत होत्या. तुझी मी केली.

पापांना काही माहीत नव्हतं. मला त्यांना घेऊन उत्तरेला जायचं होतं, जिथे समुद्र दिसत नाही अशा कुठल्याही गावी. सत्तावन्न सालच्या वादळाच्या पाण्यात मामाँचा हात सुटला, त्या रात्री तू इथे नव्हतास. पापा आणि मी पहाटेपर्यंत ओकाच्या फांदीवर होतो. तेव्हापासून जून लागला की मी रेडिओ उशाशी लावून रात्ररात्र जागते. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलंच नाही. हे मी तुझ्यावर रागावून केलं असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण तो राग नव्हता. मी घाबरले होते.

सोमवारी सकाळी यंत्र येणार आहे. स्मशानाच्या बाजूनेच सुरुवात आहे, कारण तिथे रस्ता जवळ पडतो.

काल दुपारी मी कंत्राटदाराच्या माणसाकडे गेले आणि करार मोडायचा आहे म्हटलं. तो नम्रपणे बोलला. "बाई, कागदावर दोघांच्या सह्या आहेत. तुमच्या भावाची तक्रार असेल तर त्यांना घेऊन या." सही खोटी आहे हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. पण आभार मानून बाहेर पडले.

म्हणून तू ये. रविवारी निघ. कंत्राटदाराच्या लोकांसमोर सांग की ही सही तुझी नाही. कोणाची, असं ते विचारतील तेव्हा मी बाजूलाच उभी असेन, उत्तर मी देईन. तुरुंगात घालतात का ते मला माहीत नाही. मला वाचवू नकोस.

आज दुपारी पापांना सांगितलं. मिस पेनिक गाडीत सामान भरत होती, आता नाही तर कधीच नाही असं वाटलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी कराराची प्रत मागितली, चष्मा लावला आणि तुझ्या नावाखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्याचं पहिलं अक्षर इतकं गोल नसतं. तू त्याचं अक्षर विसरलीस, क्लो." एवढंच. पुढे गम्बो चाखून मीठ कमी आहे म्हणाले.

जेवून ते कुंपणाशी जाऊन बसलेत. विचारलं तर सांगतात की सोमवारपर्यंत सराव करतोय. मी त्यांना ओळखते, ते थट्टा करत नाहीत. यंत्र आलं तर ते उठणार नाहीत, आणि त्यांना उठवणं मला कधी जमलेलं नाही. ते फक्त तुझ्याशी भांडायला उठतात.

मिस पेनिक हॉर्न वाजवतेय.

तू अजून मानत असलास तर,
तुझी बहीण
क्लोतील्द