लापोच्या डोळ्यांपुढची फळी

३ मार्च १४७४, फ्लॉरेन्स

नेरी, नेरी, नेरी! कान किटले या चिताऱ्याच्या नावाने.

आमच्या बंधुसंघाचं काम ठरलेलं. फाशीच्या माणसाला शेवटच्या पायरीपर्यंत सोबत करायची. चित्राची फळी त्याच्या नाकापुढे धरायची, म्हणजे त्याला दोर दिसत नाही. आणि मी बोलत राहायचं. वीस वर्षं माझ्याच शब्दांनी माणसं पलीकडे गेली. फळी नुसता आडोसा!

आता नेरीने नवी फळी रंगवून दिली आहे. जुनीवर सोनेरी आभाळ, येशूचे डोळे वर. याचा येशू घाबरलेला! कपाळाला घाम, नजर सरळ आपल्यावर. हा काय देव झाला?

६ मार्च

मासळीवाली मला ऐकवते, "देवालासुद्धा भीती वाटली हो फादर. मग फाशी जाणाऱ्यावर शेण कसं फेकायचं?"

मागच्या फाशीला ही नवी फळी होती, आणि खरंच कुणी काही फेकलं नाही. अख्खा चौक गप्प.

अरे, हेच मी सांगत होतो! ग्रीक-लॅटिन पालथं घालून, घसा फोडून! तेव्हा ही बया खोकत बसायची.

९ मार्च

तुरुंगात गेलो. लापो, लोकर पिंजणारा. मालकाचं गोदाम पेटवलं, आतला रखवालदार जळून मेला. परवा फाशी. पश्चात्ताप नाही.

सकाळपासून बोललो. आत्मा, क्षमा, मोक्ष — सगळं. तो जांभई देऊन म्हणतो, "फादर, तुमचं कधी संपणार? माझं तर परवा संपतंय." शिपाई खो-खो हसला!

शेवटी फळी दाखवली. तो पाहतच राहिला. मी पुन्हा सुरू केलं —

"जरा गप्प बसा ना फादर. तो बघतोय माझ्याकडे."

मग रडला. रखवालदाराच्या बायकोचं नाव घेतलं, तिची माफी मागितली. म्हणाला, "परवा हाच आणा हं."

नेरी तिथे नव्हताही. तरी जिंकला!

१० मार्च

मत्सर हे पाप आहे. या विषयावरचं माझं प्रवचन गाजलेलं आहे.

११ मार्च

जुनी फळी नेली.

नवीची मूठ सैल झाली आहे, असं संघात सांगितलं. खोटं. मला फक्त एकदा पाहायचं होतं — माझे शब्द पुरतात का.

शिडीपाशी लापोने डोळे वर केले. "तो कुठंय?"

मी बोललो. आयुष्यात इतकं चांगलं बोललो नव्हतो!

"फादर, तो कुठंय?"

त्याने मान लांबवून फळीच्या मागे शोधलं. आणि दोर दिसला.

किंचाळत गेला.

१४ मार्च

नेरीकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. त्याने कुंचला खाली ठेवला, खिडकीपाशी स्टूल सरकवलं.

"बसा."

मी काही म्हणणार, तोच म्हणाला, "तोंड मिटा, फादर. मला पेत्र हवाय. येशूला तीनदा नाकारल्यानंतरचा."

आता रंगवायच्या फळीवर पेत्र, तो पस्तावलेला शिष्य, येशूच्या शेजारी असणार. पुढच्या कैद्याला माझा चेहरा दिसेल.

संध्याकाळपर्यंत बसून होतो. एक शब्द बोललो नाही.