तिघांतले दोन

९ फेब्रुवारी

मित्सुरुने आज तबेल्याच्या फळ्यावर दोन नावं लिहिली. तेत्सुनामी आणि हामानासु. कुरोइवाचं नाव नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी नाही. मग विचारलं, "तिसरं लिहायला खडू संपला का?"

"दोनच न्यायचे आहेत, बाबा. मोठ्या शर्यतीत सगळे मिळून दहा घोडे. आपल्याला दोन जागा मिळाल्या, हेच नशीब."

"मग त्या दोघांत कुरोइवा का नाही?"

"दहा वर्षांचा झालाय तो."

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. मलाही पुसून टाक."

तर म्हणतो कसा — "तुमचं नाव लिहिलंय कुणी?" आणि फुमिए हसली. सून, माझ्या तोंडावर हसली!

तबेल्याचा परवाना माझ्या नावावर होता तेव्हा हा मित्सुरु घोड्यांच्या पोटाखालून पळायचा. आता घोड्यांचे मालक त्याला 'सेन्सेई' म्हणतात, गुरुजी. मला काय, खरारा आणि खोरं. हंगामाची शेवटची शर्यत, घोड्याने ओढायची टनभर लोखंडाची घसरगाडी आणि वाळूतली दोन टेकाडं. त्याला छाती लागते. तेत्सुनामीला नुसते पाय आहेत. हामानासु घोडी गोड आहे, पण गोडीने लोखंड हलत नाही.

रागात जेवण गेलं नाही. मुळ्याचं लोणचं तेवढं खाल्लं. आता पोट जळतंय.

१० फेब्रुवारी

त्याच्याशी बोललो नाही. सूप खारट होतं, तेही बोललो नाही.

१३ फेब्रुवारी

घाईत लिहितोय. अक्षर वाकडं येईल.

सकाळी कुरोइवाच्या गव्हाणीत चारा टाकत होतो. फळकुटाच्या पलीकडे मित्सुरु फोनवर. सावामेसानशी बोलत होता. बीट आणि बटाटे पिकवणारा माणूस, कुरोइवाचा मालक. मला एवढंच ऐकू आलं — "हंगाम संपला की कुरोइवाला थांबवू. नाही नाही, तुम्ही काळजी करू नका, मीच थांबवतो."

थांबवतो म्हणे. थांबवलेले घोडे कुठे जातात ते मला कुणी शिकवू नये. ट्रक येतो, घोडा फळीवरून चढतो, आणि मग सगळे म्हणतात, 'दक्षिणेला गेला.' जसा काही गरम झऱ्यावर आंघोळीला गेलाय. दक्षिणेत घोड्याचं मांस खातात. कापायला गेला म्हणा की सरळ! पण नाही. आमच्या इथे तो शब्द तोंडावर आणायचा नाही, अपशकुन होतो. ट्रक बोलावलेला चालतो.

मोठ्या शर्यतीत उतरलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. त्याचं नाव होतं. त्याला कुणी ना कुणी माळरान देतं. म्हणून तर म्हणतो, फळ्यावर नाव पाहिजे.

मित्सुरुला तिथल्या तिथे विचारणार होतो. पण विचारलं आणि 'हो' म्हणाला तर? नाही विचारलं.

१६ फेब्रुवारी

पहाटे सरावाला तिघांनाही जोडलं. थंडी अशी की घोड्यांच्या वाफेत माणूस दिसेना. कुरोइवा दुसऱ्या टेकाडाच्या पायथ्याशी आपणहून उभा राहिला. मान खाली, नाकपुड्या भात्यासारख्या. मग चढला. कुणी लगाम हलवला नव्हता.

"पुन्हा थांबला," मित्सुरु म्हणाला.

"दम घेतला. टेकाडाआधी सगळेच घोडे थांबतात. तू काय नवा आहेस?"

"जॉकी थांबवतो तेव्हा थांबायचं असतं, बाबा. हा स्वतःच्या मनाने थांबतो."

"म्हणजे जॉकीपेक्षा शहाणा आहे."

फुमिए बादली घेऊन चालली होती. म्हणाली, "बाबांचं कुरोइवाशी लग्नच लावून द्यायला हवं होतं." मी म्हटलं, लावलं असतं, निदान सूप तरी बेताचं खारट मिळालं असतं. ती बादली आपटून गेली. जाऊ दे.

१९ फेब्रुवारी

सावामेसानकडे जाऊन आलो. बसने. बर्फात दोनदा घसरलो, पण पडलो नाही.

ते बटाट्याच्या कोठारात स्टोव्हजवळ बसले होते. म्हणाले, "या तात्सुझोसान. घोडा संपला म्हणे आमचा. सेन्सेईंनी सांगितलं."

"संपला? माझा मुलगा म्हणाला, संपला?"

"म्हणाले, आता त्याच्यात काही उरलं नाही."

मग मला राहवलं नाही. जे होतं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या टेकाडावर कसा चढतो, छाती केवढी, तेत्सुनामी त्याच्यापुढे कसा पोरगेला दिसतो. म्हटलं, "तुमच्या घोड्यावर अन्याय चाललाय, सावामेसान. त्याला उतरवा. पहिल्या तिघांत आला नाही तर मला जोडा घसरगाडीला."

सावामेसान कान खाजवत ऐकत राहिले. चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे मला मूर्ख बनवत होते की काय?" आणि माझ्यासमोर फोन लावला. "सेन्सेई, माझा घोडा मोठ्या शर्यतीत दिसला पाहिजे. नाहीतर आजच घेऊन जातो."

परतताना बसमध्ये जागेवर बसवेना. भीती म्हणावी की आनंद, कळलं नाही. थोडा आनंदच असावा.

२० फेब्रुवारी

हामानासुचं नाव पुसलं. तिथे कुरोइवा.

मित्सुरु ओरडेल असं वाटलं होतं. तयारीत बसलो होतो, उत्तरं जमवून. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही बसने गेलात?" आणि बाहेर गेला. मला उत्तरं पुन्हा गिळावी लागली.

हामानासुला फुमिएने बाटलीने दूध पाजून वाढवलंय. आज माझ्यापुढे चहा आला नाही. मी स्वतः केला. करपला.

२ मार्च

दहा दिवस झाले, घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. 'बाबा, सरका.' 'बाबा, दार लावा.' एवढंच. मीही काही कमी नाही. दार उघडंच ठेवतो.

१६ मार्च

तिसरा!

कठड्याला धरून मी कुरोइवाबरोबर चालत गेलो. सगळेच प्रेक्षक चालतात तसे, आपापल्या घोड्याशेजारून. दुसऱ्या टेकाडाखाली दहाच्या दहा उभे राहिले. माणसं ओरडायची थांबली. नुसते श्वास ऐकू येत होते. तेत्सुनामी आधी सुटला आणि मध्यावर रुतला, गुडघ्यांवर आला. कुरोइवा उभाच. जॉकी लगाम हलवतोय, हा ढिम्म. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "म्हातारं झोपलं वाटतं." मी म्हटलं, "तुझा बाप झोपला असेल." आणि त्याच क्षणी कुरोइवा निघाला. एका दमात वर. शेवटच्या वाळूत दोघे पुढे होते, तेवढेच.

मित्सुरुकडे बघितलं. तो घोड्याच्या पायांकडे बघत होता. अभिनंदन तर सोडाच, माझ्याकडे मानही वळवली नाही. इतका हट्टी माणूस माझ्या पोटी कसा आला?

सावामेसाननी मला मिठी मारली. बटाट्याचा वास येत होता.

२४ मार्च

आज आबुकावाचा ट्रेलर आला. मैदानाच्या पलीकडचा तबेला त्याचा. सावामेसान स्वतः बरोबर होते. माझ्या देखत मित्सुरुला म्हणाले, "माझा घोडा संपला म्हणणाऱ्या माणसाकडे मी तो कशाला ठेवू? आबुकावासेन्सेई म्हणतात, अजून दोन हंगाम आरामात ओढेल."

मी मध्ये पडलो. "सावामेसान, दोन हंगाम? दहा वर्षांचा आहे तो!"

"तुम्हीच तर सांगितलंत," म्हणाले. "तुम्ही नसता तर मी फुकट देऊन टाकला असता."

फुकट? कुणाला? मी विचारेपर्यंत ट्रेलर गेला. मित्सुरु चिखलात उमटलेले टायर बघत होता.

फुमिएने सांगितलं. तेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. "सावामेसान घोडा आम्हाला देणार होते, बाबा. बिनकामाचा आहे म्हणून. बर्फ वितळलं की मागच्या माळावर कुंपण घालणार होतो. हे त्यांना फोनवर म्हणालेही होते, हंगाम संपला की आम्ही त्याला थांबवू."

"थांबवू म्हणजे—"

"घरी आलेल्या पाहुण्याला थांबवतात ना, तसं. तुम्हाला काय वाटलं?"

मला वाटला होता तो ट्रक. ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. ताटली तशीच हातात धरून राहिली.

मग मी तबेल्यात गेलो आणि मित्सुरुवर ओरडलो. हो, ओरडलो. मला आधी सांगायला काय झालं होतं? बापाला सांगायची गोष्ट नाही ही? तो म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या ओबिहिरो गावाला कळलं असतं. घोडा चांगला आहे हे सावामेसानना एकदा कळलं असतं तर त्यांनी दिला असता का?"

बादलीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२८ मार्च

आबुकावाच्या कुंपणापाशी गेलो. कुरोइवाला आत्तापासूनच जोडलंय. हंगाम सुरू व्हायला महिना आहे अजून! लोकांना लाज नाही. लांबून हाक मारली. मान वर केली त्याने.

५ एप्रिल

आजपासून आबुकावाकडे. म्हटलं, पगार नको, फक्त कुरोइवाचं काम माझ्याकडे द्या. निघताना मित्सुरु दारात उभा. वाटलं, आता अडवतो. त्याने डबा पुढे केला आणि म्हणाला, "बाबा, डावा मागचा पाय रोज पहाटे शेका. मी शेकायचो. ते लोक नाही शेकणार."

डावा मागचा. इतकी वर्षं खरारा मी केला. मला ते दुखणं कधी दिसलंच नव्हतं.