निळ्या किनारीची पट्टी

जिनहे,
मंगळवार, १४ जून १९७७

प्रिय ग्येबुन हिस,

ताईचे आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंची कंबर आता कशी आहे? सोरानचा खोकला गेला का? मधात मुळा घालून दे, औषधाला पैसे घालू नकोस.

तुझं पार्सल काल सोमवारी मिळालं. आलं ते असं:

लसूण, दोन माळा. दोनशे म्हणून लिहिलंयस, एकशे अठ्ठ्याण्णव गड्डे भरले.
सुकी बारीक मासळी, एक पिशवी, ओलसर.
तिळाच्या तेलाची एक बाटली. बूच सैल होतं, पाव भाग सांडलं.
आईच्या चादरीचा तुझ्या वाटणीचा अर्धा भाग, ज्यात हे सगळं बांधलं होतंस. लांबी दहा वीत, रुंदी पाच वीत, एका अंगाला निळी किनार.
मी पाठवलेला कागद, शिक्क्याशिवाय.
तुझी चिठ्ठी, तीन ओळींची.

टपालाचे चारशे दहा वॉन तू भरलेस. मी पोस्टात चालत गेले, येताना ओझं होतं म्हणून बसने आले, चाळीस वॉन. एवढा लसूण इथल्या बाजारात तीन हजारांच्या खाली मिळाला नसता. म्हणजे तीन हजारांचा माल ताईला द्यायला तुझा हात सढळ, आणि शिक्का उमटवायला मात्र जड. तेलाचे डाग कागदाच्या कोपऱ्यापर्यंत आलेत. अक्षरं वाचता येतात, म्हणून नवा कागद मागितला नाही.

इकडची बातमी विशेष नाही. चर्चच्या छपराची वर्गणी चालू आहे. दर जेवणाला मूठभर तांदूळ मी देवासाठी बाजूला काढते, त्यात खंड नाही. तुझ्या नावाने पहाटेच्या प्रार्थनेला आज अडतिसावा दिवस. तू मात्र गिल्होन गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाला देवळात जाऊन भिक्षूंना जेवण घातलंस, असं कानावर आलं. मी काही बोलत नाही. तुझं घर, तुझा नवरा.

शेजारची मानदोकची आई, जहाजावरच्या मुकादमाची, बोसनची बायको, तुला आठवत असेल. तिच्या घरचा फ्यूज परत उडाला. इस्त्री, रेडिओ, पंखा सगळं एकदम लावायचं आणि मग ओरडायचं. मागच्या वर्षी तिने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली होती. तेव्हा तू आणि गिल्होन आमच्याकडे जेवायला होता. हे हातातले चॉपस्टिक टाकून उठले, जाऊन ती तार उपटली आणि अंगणात सगळ्यांदेखत तिला बोलले, "वहिनी, फ्यूज उडतो तो तुम्हाला छळायला नाही, वाचवायला उडतो. त्याचं तोंड बांधलंत तर आधी घर जळेल, मग तुम्ही!"

ती म्हणाली, "प्योसाहेब, मग जहाजावर काय करता हो?"

गिल्होन दारातूनच म्हणाला, "जहाजावर आम्ही तोंड बांधायला खास बटण ठेवलंय वहिनी, अमेरिकन कंपनीचं!" सगळे हसले. हेही हसले. गिल्होनला तोंड आवरत नसे. माझ्याच घरी, माझाच भात खाताना म्हणायचा, "ताईंच्या घरचं झुरळसुद्धा जेवायला शेजारी जातं." मला राग येत नसे. खरंच येत नसे.

त्या बटणाचं मी यांच्याकडून नीट समजून घेतलंय. तुला कोणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. जहाजावरच्या प्रत्येक मोटरला एक स्टार्टरची पेटी असते. पेटीत ओव्हरलोडचा रिले असतो. मोटर झेपेल त्याहून जास्त करंट ओढायला लागली की त्यातली धातूची पट्टी तापून वाकते आणि मोटर बंद पडते. थंड होऊ द्यायची, मग परत चालू करायची. घरात हे ठीक आहे. पण लढाईत जहाजाला आग लागली आणि पाण्याचा पंप असा स्वतःच्या काळजीने बंद पडला, तर कसं चालेल? म्हणून लढाऊ जहाजावर एक आणीबाणीचं बटण असतं. ते दाबून धरलं की रिलेचं काही चालत नाही. मोटर जळेपर्यंत फिरते. अंगठा उचलला की रिले परत राखणीला बसतो. हे म्हणतात, बटण मुद्दाम तसंच केलंय, माणसाचा अंगठा त्याच्यावर असलाच पाहिजे. माणसाला वास येतो, माणसाला भीती वाटते, तो अंगठा उचलतो.

यांच्या जहाजावरचा आगीचा पंप दोन वर्षं कुरकुरत होता. नवी मोटर मागितली होती, आली नाही. दर कवायतीला रिले पडायचा. मग अंगठ्याऐवजी बटणावर कापडाची पट्टी बांधायची रीत पडली. रीत कोणी पाडली ते विचारू नकोस.

आता कागदाचं.

कागदात तीनच गोष्टी आहेत. ती पट्टी तुझ्या घरची होती. गिल्होनने ती आपल्या मनाने बांधली. तुझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली तुझं नाव आणि शिक्क्याची जागा. याचा अर्थ काय होतो हे मला कळत नाही असं समजू नकोस. गिल्होनचं नाव कर्तव्यावर मेलेल्यांत लागणार नाही, राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याला जागा मिळणार नाही, तुला आणि सोरानला दरमहा काही येणार नाही. सगळं मांडून बघितलंय मी. दुसऱ्या बाजूला यांची सत्तावीस वर्षांची नोकरी आहे, नोव्हेंबरात निवृत्ती आहे, आणि पट्टी यांची ठरली तर लष्करी खटला आहे. तू बत्तीस वर्षांची आहेस. तुला मुलगी आहे, सासर आहे, लसणाची शेतं आहेत. मला हे आहेत. दुसरं कोणी देवाने दिलं नाही.

लेफ्टनंट गुक म्हणून चौकशीचे अधिकारी आहेत. ते एप्रिलमध्ये घरी आले होते, हे मी तुला लिहिलं नव्हतं. पोरसवदा, पण बोलायला अदबशीर. मी सातूचा चहा दिला. त्यांनी पाकिटातून पट्टी काढली. चार बोटं रुंद, एक टोक जळलेलं, कडेला निळी किनार.

"बाई, ही ओळखता?"

"ओळखते. आमच्या आईच्या चादरीची आहे. आईनं स्वतः विणलेली किनार."

मला नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलणं मला जमत नाही, तुला माहीत आहे.

"म्हणजे तुमच्या घरची?"

"आई गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी चादर मधोमध फाडून वाटून घेतली. अर्धी मला, अर्धी बहिणीला. दोघींकडे एकेक किनार."

"तुमचा अर्धा भाग दाखवाल?"

"आमचा संपला."

हेही खरं होतं. त्याच सकाळी संपला होता. विरला म्हणून मी त्याच्या पट्ट्या करून ठेवल्या होत्या, जहाजावर तारा बांधायला उपयोगी म्हणून ह्यांनी फेब्रुवारीत एक गुंडाळी नेली. उरलेल्या पट्ट्या मी कोळशाच्या चुलीत घातल्या. चांगलं कापड जाळताना हात धजेना, पण जाळलं.

गुकसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. जाताना बूट घालता घालता म्हणाले, "मग बहिणीकडचा भाग बघावा लागेल."

म्हणून तुला कागद पाठवला होता. शिक्का आला असता तर त्यांना नामहेला तुझ्या घरापर्यंत येण्याची गरजच उरली नसती. तू तो पहिल्यांदा तसाच परत पाठवलास. मी पुन्हा पाठवला. आता पुन्हा तसाच परत, आणि सोबत चादर. तुझी चिठ्ठी मी आठ वेळा वाचली. "ताई, आईची चादर पाठवते आहे. माझ्या अर्ध्यातली पट्टी गेली आहे का, तूच मोजून बघ. तू मोजून जे सांगशील तसं मी करीन."

आई बाजारात कापड विकायची, तेव्हा कापायच्या आधी मला हाक मारायची. "ग्येओकची वीत म्हणजे सरकारी माप," म्हणायची. मी आठ वर्षांची होते. एकदा तुझ्या परकरासाठी मी बोटभर जास्त मोजलं, तर आईने सगळ्या गिऱ्हाइकांदेखत माझ्या हातावर मोजपट्टी मारली. तू कोपऱ्यात रडत होतीस, मी नाही. तेव्हापासून मी कधी कमीजास्त मोजलं नाही. तू त्याच भरवशावर चादर पाठवलीस. तुझ्याकडे दुसरा पुरावा नाही, आणि होता तो तू टपालात घातलास. इतकं भाबडं राहू नये, ग्येबुन. आईने तुझे फार लाड केले.

दफनाच्या दिवशी तू सगळ्यांदेखत ह्यांची बाही धरून विचारलंस, "भाऊजी, त्यानं फोनवर काय विचारलं? तुम्ही काय म्हणालात?" मीच म्हणाले, "आवर स्वतःला, लोक बघतायत." लोक बघत होते हे खरंच होतं. पण उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. ह्यांनी तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून सांगितलं होतं. युद्धाची कवायत, खाली उतरायच्या जिन्यांवरची सगळी झाकणं वरून घट्ट बंद, गिल्होन एकटा खाली पंपाशी, डेकवर ताफ्याचे मोठे साहेब पाण्याचा फवारा बघत उभे. गिल्होनने खालून फोन केला, "मोटरला वास येतोय. पट्टी सोडू का?" हे म्हणाले, "राहू दे." थोड्या वेळाने परत फोन आला. "धूर यायला लागलाय, सोडू का?" हे म्हणाले, "साहेब जाईपर्यंत राहू दे." तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा पलीकडे कोणी बोललं नाही. झाकण उघडायला सात मिनिटं लागली.

पट्टी कोणी बांधली, मी विचारलं नाही. गाठ मी गुकसाहेबांच्या हातात बघितली. डाव्या हाताची गाठ होती. आपल्या घरात डावखुरं कोण आहे, तुला माहीत आहे. गुकसाहेबांना माहीत नाही.

त्या दिवसापासून हे "राहू दे" म्हणत नाहीत. भात वाढू का म्हटलं तर आधी "राहू दे" म्हणायचे, आता नुसता हात आडवा धरतात. बसल्या जागी अंगठा जमिनीवर दाबून ठेवतात. मी हात लावला की उचलतात. एवढंच. सत्तावीस वर्षांत त्यांनी दोन शब्द चुकीचे उच्चारले. देवाने माफ केलंय असं मला प्रार्थनेत वाटतं. देव माफ करतो तर तू कोण?

वरची यादी मी सकाळी लिहिली. आता दुपार झाली आहे. हे ड्यूटीवर आहेत.

चादरीला मासळीचा वास लागला होता, म्हणून काल ती सोडा घालून उकळली होती. आज ऊन चांगलं होतं. वाळली, अंगणात चटईवर पसरली. किनारीवरून हात फिरवला तर आईचे टाके बोटांना लागले. ती चादर कात्री मागत नाही, आठवतं ना? कडेला दातांनी चीर दिली की धाग्याच्या रेषेने सरळ शेवटपर्यंत जाते. आवाजही फारसा होत नाही. चुलीत कोळसा होताच.

मग तू सांगितल्याप्रमाणे मोजली. दोनदा मोजली. लांबी दहा वीत. रुंदी पाच वितींना चार बोटं कमी. किनार नाही.

हे माझं माप. माझ्या मापात आजवर चूक निघालेली नाही, हे तू सगळ्या गावाला सांगत आली आहेस.

चादर इस्त्री करून परत पाठवते आहे. त्यात बांधलंय: सोरानसाठी वह्या सहा आणि पेन्सिली बारा, सासूबाईंसाठी कंबरेचे लेप दोन, तुझी तेलाची बाटली धुऊन. गुकसाहेब पंचवीस तारखेला तुझ्याकडे येतील. मागितली की चादर त्यांना दे. त्यांच्याकडे मोजपट्टी असते. कागदावर शिक्का आधीच असला तर ते येणारही नाहीत, आणि तुझ्या घरासमोर सरकारी गाडी उभी राहणार नाही.

कागदही सोबत आहे. शिक्क्याच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे. तुझ्याकडे शिक्का नाही असं सांगू नकोस. लग्नाआधी बोरीच्या लाकडाचा मीच कोरवून आणला होता, पैसे माझ्या शिवणकामाचे. लाल शाई वाळली असेल तर दोन थेंब तेल घाल, नवी डबी घेऊ नकोस.

सोरानची काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी शाळेत जाईल ना, तिला आमच्याकडे जिनहेला पाठव. ह्यांच्या पेन्शनमधून तिचं सगळं करीन, हायस्कूलपर्यंत. मी तिला मोजायला शिकवीन.

हे पत्र तू गुकसाहेबांना दाखवू शकतेस. दाखवलंस तर हे तुरुंगात जातील आणि मी चर्चच्या पायरीवर बसेन. पण तू दाखवणार नाहीस. तू माझ्या वितीवर भरवसा ठेवलास, मी तुझ्या मायेवर ठेवते. दोन्ही आईनेच दिलेलं आहे. वाचून झाल्यावर पत्र कागदाबरोबर त्याच पाकिटात घालून परत पाठव. पानं चार आहेत. पाकिटावर तिकीट मी लावून दिलंय.

अडतीस दिवस झाले, चाळीस पूर्ण करीन. नंतर तुझ्यासाठी वेगळी प्रार्थना करावी लागू नये, असं वाटतं.

शिक्का सुकू दे, मगच घडी घाल, नाहीतर उलट बाजूला उमटतो. आणि उलट टपाली कळव.

तुझी ताई,
ग्येओक