पंचवीस फुटांत पहिली आल्याची तक्रार

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण खाली गेल्यावर मला वर आणायला दोन माणसं लागतात आणि त्यातले एक बाबा असतात. तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसून, पण पाठ ताठ ठेवून केला आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर "छान आहे" म्हणालीस. आपल्या घराण्यात छान म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त खोदत नाही. काकांचा खोकला थांबला असेल आणि ते पुन्हा तुझ्याशी वाद घालण्याइतके बरे झाले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. फक्त माझी गोळी बंद झाली आहे, आणि ती तुझ्यामुळे बंद झाली आहे. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्ये बोलली असतीस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, एवढ्याच कारणासाठी पत्र लिहिते आहे.

पहिल्यापासून सांगते, कारण तू अजूनही सगळ्यांना "भाचीच्या पायात जरा अशक्तपणा आहे" असं सांगत फिरतेस असं कानावर आलं. माझ्या पायात अशक्तपणा नाही. पाय उत्तम आहेत, बिघाड वायरिंगमध्ये आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूकडून निघणाऱ्या वायरींवरचं आवरण जागोजाग उडतं. मग "उजवा पाय उचल" हा निरोप वाटेत गळत गळत पायापर्यंत पोचतो तेव्हा त्यातलं "उचल" गेलेलं असतं. (पाय बिचारा उजवा आहे एवढंच त्याला कळतं.) ही नवी गोळी आवरण परत बसवत नाही, गळती तेवढी थोडी थोपवते. काहींना लागू पडते, बऱ्याच जणांना पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांची पद्धत अशी: गोळीआधी पंचवीस फूट चालवून वेळ मोजायची, दोन आठवडे गोळी द्यायची, पुन्हा चालवायचं. वेळ चांगली कमी झाली तर गोळी चालू, नाही तर बंद. इतकी साधी गोष्ट आहे. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं, तू सोडून.

चाचणी हा शब्द ऐकलास आणि तू बॅग भरलीस. उभा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात घालवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा नव्हती, पण निदान चाचणी कसली आहे हे विचारायचं होतंस. आल्या दिवसापासून मला जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये उभं केलंस. माझे नेहमीचे बूट "हे काय बूट आहेत" म्हणून बाजूला ठेवलेस आणि नवे आणलेस. एकटीला चालून ईर्ष्या येत नाही म्हणून शेजारच्या वकीलबाईंना माझ्याबरोबर चालायला लावलंस. त्या साठीच्या पुढच्या, संधिवाताच्या, हातात कोर्टाची फाइल. तरी त्यांनी मला दोनदा हरवलं आणि दुसऱ्या वेळी मागे वळून बघितलं. मी तो वळून बघण्याचा प्रकार विसरलेले नाही. चाचणीच्या दिवशी तू माझी काठी घरीच ठेवलीस. "परीक्षेला कुणी काठी घेऊन जातं का," हे तुझं वाक्य. जातात, आत्या. ज्यांची काठीसकट परीक्षा असते ते काठी घेऊनच जातात.

हॉस्पिटलचा तो पॅसेज म्हणजे एका टोकाला औषधांची खिडकी, दुसऱ्या टोकाला वजनकाटा, मध्ये फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा आणि भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांचा बाक. फिजिओथेरपिस्ट बाई हातात फोन घेऊन उभ्या होत्या (त्यातलं घड्याळ त्या माझा पाय उचलला गेल्यावर सुरू करत होत्या, पाय उचलायला सांगितल्यावर नाही, पण ते प्रकरण वेगळं आहे आणि त्याचं पत्र मी त्यांना स्वतंत्र लिहिलं आहे). तू वजनकाट्यापाशी जाऊन उभी राहिलीस आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "ट्रक येतोय मागून, ट्रक," असं ओरडत राहिलीस. बाकावरच्या एका गृहस्थांनी खरंच मागे बघितलं. मी चालले. कशी चालले ते मला माहीत नाही. महिनाभर पुरवून वापरायची ताकद मी त्या पट्टीवर ओतली. बाकाने टाळ्या वाजवल्या. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "वा, हिला कशाला हवी गोळी?" तू मला मिठी मारून कानात म्हणालीस, "पहिली आलीस." शर्यतीत मी एकटीच होते.

लिफ्टमध्ये माझे गुडघे गेले. टॅक्सीवाल्याने आणि तू मिळून मला सीटवर ठेवलंत. पुढचे दोन दिवस मी पलंगावर होते आणि तू आल्यागेल्याला माझी वेळ सांगत होतीस.

आता मला खरा संताप कशाचा येतो ते सांगते. मी काम कुठे करते? कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये. म्हणजे गेज, काटे, थर्मामीटर खरं बोलतात की नाही हे तपासण्याचा आमचा धंदा. आमच्याकडे पहिला नियम असा, की आलेलं यंत्र जसं आलं तसं आधी मोजायचं. पुसायचं नाही, ठोकायचं नाही, स्क्रू पिळायचा नाही. आधी त्याची खोट जशी आहे तशी नोंदवायची, मग दुरुस्ती. नाही तर दुरुस्तीने काय साधलं हे जगात कुणालाच कळणार नाही. मागच्याच महिन्यात एका नव्या टेक्निशियनने गेज लख्ख पुसून मग मोजला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. आणि तीच मी, नवे बूट घालून, पुसून, पॉलिश करून, ट्रकच्या पुढे धावत जाऊन माझ्या पायांची पहिली नोंद देऊन आले. त्या टेक्निशियनला हे कळता कामा नये.

मग गोळी सुरू झाली. ती सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने घ्यायची, अख्खी गिळायची, तोडायची नाही. हे मी बाबांना छापील कागदावरून वाचून दाखवलं. बाबांनी आयुष्यात कुठलीही गोळी अख्खी घेतलेली नाही. तापाचीसुद्धा ते सुरीने अर्धी करतात आणि उरलेली खिशात ठेवतात. दुसऱ्याच दिवशी ते सुरी घेऊन आले. "आधी अर्धी घेऊन बघ, मानवली तर पुढची." मी म्हटलं, बाबा, तोडली तर सगळं औषध एकदम अंगात जातं आणि फिट येऊ शकते. त्यांनी सुरी खाली ठेवली, पण चेहऱ्यावरून वाटलं की त्यांच्या मते कंपनी गोळ्या जास्त खपाव्यात म्हणून असं छापते. पहिले काही दिवस झोप उडाली, तळव्यांना झिणझिण्या आल्या, आणि फरक काहीच नव्हता.

नंतर एकदा ऑफिसात मागच्या लॅबपर्यंत जाऊन परत आले आणि खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की वाटेत भिंतीला हात लावलेला नाही. मी पुन्हा जाऊन आले, खात्री करायला. (एका निरीक्षणावर मी काही ठरवत नाही.) घरी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून उजवा पाय न अडखळता गेला. कुणाला बोलले नाही. तरी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी बघितलंच, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, बरी झालीस की तू. मग ती दाराजवळची पार्किंगची जागा आता सोडणार असशील ना?" मी त्यांना विचारलं की चष्मा लावल्यावर त्यांना दिसतं, तर मग त्या चष्मा कधी परत करणार आहेत. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे आणि माझं काम वेळेवर होतं.

तर अशा स्थितीत मी दुसऱ्या चाचणीला गेले. एकटी. शांतपणे, माझ्या जुन्या बुटांत, मागे ट्रक नसताना. मला इतकं हलकं वाटत होतं की चालता चालता मी फिजिओथेरपिस्ट बाईंना त्यांच्या घड्याळाबद्दल दोन सूचनाही केल्या. वेळ जवळजवळ पहिल्याइतकीच आली. डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले आणि म्हणाले, "फरक नाही. लागू पडत नाहीये तुला. बंद करू."

मी म्हटलं, पहिली नोंद चुकीची आहे.

"चुकीची कशी? चाललीस तर तूच ना?"

मी म्हटलं, चालले मीच, पण तसं मी रोज चालत नाही. मग ट्रक, बूट, वकीलबाई, सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, कमी गुण मागायला आलेली पेशंट पहिल्यांदाच बघतोय. पण नंतर त्यांनी हसणं थांबवून विचारलं, "मग घरी रोज कशी चालत होतीस? मला तर दर वेळी 'ठीक' म्हणायचीस."

म्हणायचे, हे खरं आहे. याचा संताप मी अजून कुणावर काढायचा ते ठरवलेलं नाही. तू जवळची म्हणून सध्या तुझ्यावर.

शेवटी ते कबूल झाले. आधी काही दिवस गोळी बंद ठेवायची. मग संध्याकाळी, काम संपवून, थकलेली असताना, काठी घेऊन जशी असेन तशी यायचं आणि चालायचं. तो आकडा पहिली नोंद म्हणून धरतील. मग पुन्हा गोळी, पुन्हा चाचणी, आणि त्यात फरक दिसला नाही तर मात्र कायमची बंद. म्हणजे मला ही गोळी हवी असेल तर एकदा सगळ्यांसमोर वाईट चालून दाखवलं पाहिजे. आपल्या घरात याचं शिक्षण कुणीही कुणाला दिलेलं नाही.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस, ते मोठ्याने वाचतात.

तुझी,
शर्यतीत एकटीच असूनही पहिली आलेली भाची

ता. क. बूट परत पाठवत नाही. चांगले आहेत. चूक बुटांची नव्हती.

ता. क. २. डॉक्टरांनी सांगितलं आहे की त्या दिवशी एकटी येऊ नकोस. बाबा येतो म्हणतात, पण मी अडखळले की ते त्याच क्षणी भिंतीवरची पाटी वाचायला लागतात. आमच्या जिन्यातली आग लागल्यास काय करावे ही सूचना त्यांची पाठ झाली आहे. आई येईल, पण ती मी पडायच्या आधीच मला धरते आणि मग आम्ही दोघी पडतो. घरात माझ्याकडे सरळ बघणारी तू एकटीच आहेस. बघून ओरडतेस, पण बघतेस. तेव्हा तू यावंस. बाकावर बसायचं, काही म्हणायचं नाही, आणि पट्टी संपेपर्यंत नजर हलवायची नाही. मी कशी चालते ते कुणीतरी एकदा पूर्ण बघितलेलं मला हवं आहे.

ता. क. ३. तिकीट सोबत जोडलं आहे, येत्या गुरुवारचं. परत करता येत नाही, मी मुद्दाम तसंच काढलं. खिडकीची जागा मिळाली नाही. गोळी कालपासून बंद आहे आणि हे पत्र पेटीत टाकायला मी आईला पाठवते आहे.